तीनच तीन

बर्बीसच्या मैदानावरचा धावफलक पत्र्याचा होता,
उसाच्या मळ्याकडे पाठ करून उभा.
मागच्या अंगाला शिडी, फळ्यांचा माळा,
गांधीलमाशांचं एक जुनं पोळं
आणि दोन माणसं:
वरच्या ओळीला माझे वडील, जगरूप,
खालच्या ओळीला मिस्टर अडोनिस,
साखर कारखान्यातले निवृत्त फिटर.
सात वर्षं एकाच माळ्यावर,
आणि बोलणं एवढंच: "ओव्हर संपली." "दोनची दे."
(भांडण एका बोकडावरून झालेलं.
बोकड केव्हाच खाऊन झाला होता.)

मी नऊ वर्षांची. रोटी आणि भोपळ्याची भाजी घेऊन गेले
ती खाली उतरलेच नाही.
पत्र्याच्या फटीतून मैदान दिसायचं
चिमटीत धरता येईल एवढं.

पाहुण्यांच्या दोनशे तेहेतीस.
आमच्या दोनशे बत्तीस, एक चेंडू उरलेला, शेवटची जोडी,
दोन हव्यात.
समुद्राकडून वारा आला तशा सगळ्या पाट्या खिळ्यांवर खुळखुळल्या,
आणि वडिलांनी उगाचच एकेकीवर हात ठेवून
त्यांना गप्प केलं.

चेंडू मिडविकेटला गेला.
पहिली धाव पुरी. दुसरीला
आमचा अकरावा, चष्मेवाला क्लेमंट, वळला, घसरला,
उठला, पळाला,
बॅट रेषेपासून वीतभर लांब
आणि यष्ट्या उडाल्या.

रडायचं की नाचायचं
कोणालाच कळेना.

मिस्टर अडोनिसनी पेटीत हात घातला.
चारची पाटी होती. ती टांगली असती तर आम्ही जिंकलो असतो.
दोनची खिळ्यावर होतीच. राहू दिली तर हरलो.
तीनची नव्हती.
तीनच्या पाट्या तीनच: दोन वर, एक खाली.
चौथी गेल्या ऑगस्टपासून आमच्या खुराड्यावर,
छप्पर गळत होतं तिथे
वडिलांनीच ठोकलेली.

"कोंबड्यांच्या डोक्यावर आहे ती," वडील म्हणाले.
सात वर्षांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

खाली ज्यांच्या कानाला रेडिओ होता
ते ओरडत होते, टाय, टाय!
ज्यांच्याकडे नव्हता
ते फलकाकडे बघून
एका धावेने हरून
घरी निघालेही होते.
एका बाईने तर पोराला एक धपाटा घालून
छत्री मिटली.

मग अडोनिसनी आठची पाटी काढली.
तिथला आठ म्हणजे एकावर एक बसलेली दोन कडी.
छपराच्या डागडुजीचा डबा कोपऱ्यात होता,
त्यात बोट बुडवून
त्यांनी आधी वरच्या कड्याची डावी बाजू बुजवली,
मग खालच्या.
घाई नाही. बॉयलरचा नट बसवावा तसं.
वडिलांनी पाटी दोन्ही हातांनी धरली होती,
त्यांच्या सदऱ्यावर दोन थेंब पडले
तरी त्यांनी ती सोडली नाही.

टांगली तेव्हा डांबर ओघळलं,
तीनला दाढी फुटली.
फाटकापाशी पोचलेली माणसं थांबली.
कोणीतरी मागे बोट दाखवलं.
आणि मग हरलेले लोक पळत परत आले,
तिकीट न काढता,
सामना पुन्हा सुरू होणार असल्यासारखे.

रात्री आईने विचारलं, कोण जिंकलं?
वडील रॉकेलने हात घासत होते.
म्हणाले, "पाट्या कमी पडल्या."

बोकडाचं काही मिटलं नाही.
खुराड्यावरची पाटी पण तिथेच राहिली,
कोंबड्यांना पाऊस लागला असता.
आणि तो आठ परत आठ झाला नाही,
पण धड तीनही नाही:
दुपारचं ऊन चढलं की डांबर पातळ व्हायचं,
डावीकडून आठ हळूच डोकवायचा,
एखाद्या संघाच्या पाच धावा उगाच वाढायच्या.
लोक शिट्ट्या मारायचे.
मग मिस्टर अडोनिस डबा घेऊन
पुढच्या बाजूने शिडी चढायचे
आणि वडील, मैदानाकडे बघत,
खाली शिडी धरून उभे राहायचे.