तेवीस लिटर

जुलैत इन्व्हरकार्गिलला वारा दक्षिणेकडून येतो,
दाराची घंटी गिऱ्हाईक नसतानाही वाजते.
म्हणून लॅक्लन गेडिस आत आला तेव्हा
मी मान वर केली नाही,
माल्टच्या पिशव्यांवर किमती चिकटवत राहिले.

त्याला घरी बिअर करायची होती. पहिल्यांदाच. वय एकाहत्तर.
पाणी, जव, हॉप्स, सगळं वाचून आला होता,
अडलं होतं फक्त भांड्यापाशी.

मी नेहमीची पोपटपंची सुरू केली.
हे स्टीलचं. तुमच्या मागेही टिकेल, नातवाला द्या.
नातू नव्हता. किंमत बघून त्याने शीळ घातली.
ही प्लास्टिकची बादली, तीस लिटरची,
पण भरायची तेवीसच, वरचे सात फेसाचे.
यीस्टला जागा ठेवली नाही तर ते आपली जागा शोधतं,
माझ्या बहिणीच्या छतावर अजून डाग आहे.
आणि तारेच्या घासणीने घासायची नाही,
एक चरा पडला की आंबटपणा त्यात बिऱ्हाड करतो.

आणि ही काचेची बरणी.

बरणीपाशी तो थांबला.
वाकून, बोट मुडपून, टक् केलं,
आणि नाद विरेपर्यंत कान तिथेच ठेवला.
'एकेचाळीस वर्षं काच बसवली,' म्हणाला,
'या रस्त्यावरच्या निम्म्या खिडक्या माझ्या.
ही तुझीसुद्धा.'
इतकी वर्षं मी तिच्यातून बघत होते.
तिच्याकडे त्या दिवशी पाहिलं.

काचेत सगळं दिसतं, मी म्हटलं.
तिसऱ्या दिवशी आत नुसता धुमाकूळ,
दुसऱ्या आठवड्यात गाळ तळाशी, वर निवळशंख.
उजेड लागू नये म्हणून तिला एखादा जुना स्वेटर घाला.
आणि ओली असताना एकट्याने उचलू नका,
साबणाच्या हातातून ती

'मुली,' तो हसला, 'काच कशी उचलायची
ते मला नको शिकवू.'
आणि उजवा हात खिशातून काढला.

हात थरथरत होता.
थंडीने थरथरतो तसा नाही.
स्वतःच्याच नादात, त्याला न विचारता.
आम्ही दोघांनी तो पाहिला.
घंटी वाजली. कोणी आलं नव्हतं.

'बादली दे,' तो म्हणाला.

चौथ्या दिवशी फोन.
'वरच्या नळीत एक बुडबुडा नाही. मेलं का गं सगळं?'
झाकणाच्या कडेने वायू निसटत असेल, मी म्हटलं,
या बादल्यांचं असंच असतं.
आवाज नाही म्हणजे काम थांबलंय असं नाही.
'ते ठीक आहे,' तो म्हणाला,
'पण दिसत नाही ना. मला बघायची सवय आहे.'
यावर माझ्याकडे विकायला काही नव्हतं.

सप्टेंबर संपताना आला,
काखेत बादलीचं झाकण.
झाकणाच्या मधोमध तळहाताएवढी काच,
चारी बाजूंनी सिलिकॉन.
'गोल कापायची होती,' म्हणाला, 'गोल आता होत नाही.'
चौकोन होता. तीन बाजू ओळंब्यात,
चौथी कापता कापता जराशी भरकटलेली.
'ती डावीकडची बघू नकोस.'

मी नेमकी तीच पाहिली.
बोट फिरवलं. कुठेही खुपली नाही.
झाकण डोळ्यांसमोर धरलं:
काचेच्या कोपऱ्यात फेसाचा एक वाळका, तपकिरी शिंतोडा,
तिथवर चढली होती,
आणि पलीकडे तो, टोपी हातात, थोडा तिरका.

कशी झाली, मी विचारलं.
'पहिली ओतून दिली. ही पातळ आहे,' तो म्हणाला,
'आणि शेवटी कडसर लागते कुठेतरी.'
मग झाकण परत मागून घेत,
'पण रात्री दोनला उठून बघितली.
टॉर्च घेऊन.
बाई, काय उसळत होती.'