ओव्हनमधली पाकिटं

पीटरहेड बंदरातून आज एकही बोट सुटली नाही.
मासळीच्या कारखान्याने पहाटे पाचला
सगळ्यांना कळवलं: येऊ नका.
म्हणजे आजचा रोजही नाही,
हे वेगळं कळवायची गरज नव्हती.

इशबेल रेनी, वय त्रेपन्न.
बावीस वर्षं हॅडॉक चिरते आहे,
एका माशाला नऊ सेकंद.
काटा कुठे आहे ते तिच्या बोटांना
डोळ्यांआधी कळतं.

पाकिटं मात्र ती ओव्हनमध्ये ठेवते.
मार्चपासून. गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या.
वीज महागली तसा ओव्हन बंदच होता,
आणि पहिलं पाकीट तिथे गेलं ते केवळ
पाहुणे दारात उभे होते म्हणून.
मग त्याला सोबत नको का?
खिडकीची पाकिटं, ज्यांतून तिचंच नाव
तिच्याकडे टक लावून बघायचं.
तांबड्या अक्षरांची.
आणि एक, ज्यावरचा पत्ता कुणीतरी हाताने लिहिला होता;
त्याची भीती सगळ्यांत जास्त.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
झाकलेला ओव्हन कितीचा, हे तिने विचारलं नाही.
रात्री तीनला तोच आपणहून सांगायचा,
दर वेळी वेगळा आकडा.

बहीण फोनवरून अंथरूण आणि पाय समजावायची.
इशबेल हो म्हणायची.
पाय तिने पसरलेच नव्हते कधी;
अंथरूणच दर महिन्याला वीतभर आटत होतं.
जानेवारीत एक निळी वही आणली होती.
पहिल्या पानावर लिहिलं, 'खर्च'.
त्याखाली, 'वही, तीन पौंड वीस'.
आणि मिटून ठेवली.

आज अकराला दार वाजलं.
वरच्या मजल्यावरचा लॅकी, वय दहा,
हातात अंड्यांचा खोका, काखेत पीठ.
"आमचा ओव्हन गेला. उद्या आजोबांना ऐंशी.
तुझा चालतो?"

चालतो, ती म्हणाली,
कारण चालत होताच.
अर्ध्या तासाने ये.

अर्धा तास.
तिने धार लावलेली सुरी काढली, कारखान्याचीच,
आणि पहिल्या पाकिटाच्या कल्ल्यात घातली.
धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात.
मुलगा येणार होता, जागा हवी होती.
जाहिराती म्हणजे आतडी, बादलीत.
कागद एका बाजूला, आकडा एका बाजूला.
विसाव्या पाकिटाला हात आपल्या लयीत आले
आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं:
एकसष्ट पाकिटं, पण मासे चारच.
तेच कर्ज, दर महिन्याला जरा चढ्या आवाजात.

हाताने लिहिलेलं मिसेस स्ट्रॅकनचं निघालं.
नवऱ्याच्या अंत्यविधीला नेलेल्या सूपबद्दल
आभार.
दोन वर्षं ती आभारांना भीत होती.
ती तिथेच फरशीवर बसली थोडा वेळ.

मग निळी वही.
वहीच्या किमतीखाली चार ओळी, चार नावं,
आणि बेरीज: सहा हजार आठशे एकोणीस.
मोठा आकडा. तिने पुन्हा करून पाहिली, तेवढाच.
पण रात्री तीनच्या आकड्याला कडा नसायच्या.
याला होत्या.
हा टेबलावर मावत होता.

लॅकीने पीठ सांडलं, अंड्याचं टरफल आत पाडलं.
केक ओव्हनमध्ये गेला, आणि घरभर
व्हॅनिलाबरोबर थोडा तापल्या कागदाचा वास.
इशबेलने फोन लावला. वीज कंपनीला आधी,
त्यांचा आवाज सगळ्यांत चढा होता.
आपण रांगेत एकोणिसाव्या आहात.
सतरा.
बाहेर वारा गल्लीतली कचऱ्याची डबी
एका टोकाकडून दुसरीकडे नेत होता.
नऊ.

"फुगला का बघू?" लॅकी दाराच्या मुठीकडे गेला.

"नको," ती म्हणाली, फोन खांद्याशी दाबून,
"आत्ता उघडू नकोस, बसेल तो,"
आणि स्वतःचंच वाक्य ऐकून
हसायला लागली, तोच पलीकडून कुणीतरी
तिचं नाव विचारलं.