कात्रण

सकाळी पावणेसातला एकोणीस वर्तमानपत्रं
टेबलावर येऊन पडतात.
बाहेर कचरागाडी गाणं वाजवत गेलेली असते,
रीगलकडून पोह्यांतल्या बडीशेपेचा वास येतो
आणि मी कात्री काढते.

एकतीस वर्षं मी शासनाची कात्री आहे.
कलेक्टरसाहेबांनी उठून काय वाचावं
ते मी कापते,
खळ लावते,
वर लिहिते, 'अवलोकनार्थ'.
आमच्याकडे फाईलला नस्ती म्हणतात.
आई ऐकायची आणि हसायची,
नस्ती कसली गं, नसती उठाठेव!

एक गोष्ट कुणी शिकवली नाही, हातालाच कळली:
कात्रणाला पाठ असते.
पुढून खड्ड्याची बातमी कापावी
तर मागून कुणाच्या तेराव्याची वेळ अर्धी तुटते,
दहावीत आलेली एखादी मुलगी
कपाळापासून वर निघून जाते.
खळ लागली की पाठ संपली.
अशा किती पाठी मी चिकटवून टाकल्या
त्याची नोंद कुठल्याच नस्तीत नाही.

गेल्या चैत्रात सुधारणा आली.
तीन दिवसांचं प्रशिक्षण, पाण्याच्या बाटल्या, एक पेन भेट.
भोपाळहून आलेला मुलगा म्हणाला, मॅडम,
आता बातमीची भावना मोजायची.
पडद्यावर तीन गोल:
सकारात्मक. नकारात्मक. तटस्थ.
एक दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
नकारात्मक दाबलं की खुलासा मागणारं पत्र
आपोआप तयार,
फक्त नाव भरायचं.

पहिलं नाव मी भरलं ते भेरूलाल बोरासींचं.
जुन्या इंदुरात, पुलाखालच्या खोलीत, चार पानी साप्ताहिक.
संपादक तेच, प्रुफं बघणारे तेच,
सायकलवरून वाटणारेही तेच.
त्यांनी छापलं होतं:
मुलींच्या वसतिगृहात कागदावर दोनशे चाळीस ब्लँकेटं,
मुली एकशे दहा,
ब्लँकेटं मोजून सत्तावन्न,
प्रत्येकीच्या वाट्याला एकही धड नाही
आणि खरेदीची तारीख मे महिन्यातली.

खुलासा त्यांनी पाठवला, दोन ओळींचा.
'मी स्वतः मोजली. आपणही मोजावी.'
मग अधिमान्यतेचं कार्ड नूतनीकरणात अडकलं.
मग सरकारी जाहिरात थांबली.
तो आदेश मीच टाइप केला,
'प्रशासकीय कारणास्तव'.
एकतीस वर्षांत या दोन शब्दांत
शुद्धलेखनाची एकही चूक मी केलेली नाही.

आज त्यांचा अंक आलाय.
तिसऱ्या पानावर, जिथे आमची जाहिरात असायची,
तिथे एक चौकट. आत काही नाही.
टीका नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.
आठ सेंटिमीटर, दोन कॉलम,
कोरा कागद.

पडद्यापाशी बसले.
सकारात्मक?
नकारात्मक?
तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला,
भेरूलाल तर गळ्याइतक्या पाण्यात.
साहेब म्हणाले, रेशीमवाले मॅडम, एवढं काय,
बातमीच नाही ती, सोडून द्या.
खरंच होतं त्यांचं.
पण एकोणीस पेपरांत तेवढंच
मला चष्म्याशिवाय वाचता येत होतं.

जुनी कात्री खणात होती.
चौकट कापली.
उलटून पाहिली.
पाठीवर, चौथ्या पानाच्या बारीक टाइपात,
नावं.
ज्यांना ब्लँकेट मिळालं त्यांची नव्हेत,
उरलेल्या त्रेपन्न जणींची,
हजेरीपटासारखी, ओळीनं.
काठाशी एक माझ्या हातून अर्धी तुटली: 'मुनि'.
मुनिया असेल. मुनीरा असेल.

पडदा अजून थांबून आहे, तीन गोल घेऊन.
मी खळीचं बोट
फक्त वरच्या काठावरून फिरवलं,
खालची बाजू मोकळी ठेवली.
तारीख. 'अवलोकनार्थ'. माझी सही.
नस्ती साहेबांच्या टेबलावर उघडी ठेवली
आणि जाता जाता पंखा
दोनवरून चारवर केला.