स्वल्पविराम

सोमवारी पहाटे शिशाच्या पेटीतून गाय येते.
आम्ही तिला गायच म्हणतो,
काउनसच्या या इस्पितळाच्या तळघरात.
एका बाजूने मिठाचं पाणी सोडायचं,
दुसऱ्या बाजूने धार काढायची.
कुपीत उतरतं ते टेक्नेशियम:
ना रंग, ना वास,
फक्त मोजणीयंत्राची टिवटिव.
शुक्रवारपर्यंत गाय आटत जाते.

मग मी अंडी फोडतो.
पांढऱ्यात चार थेंब मिसळून शिजवतो,
आणि तळघराला क्षणभर
कुणाच्याही स्वयंपाकघरासारखा वास येतो.
माझी आई शेजाऱ्यांना सांगते,
विल्यूस यंत्रं चालवतो.
नाश्त्याचं मी तिला बोललेलो नाही.

गेनोवाइते शिमकुते, वय बहात्तर.
जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासली.
चार घास खाल्ले की पोट भरतं, म्हणाली,
रात्रीचा बटाटा सकाळी तसाच गळ्याशी येतो.
टोस्ट, जॅम, ते अंडं
आणि अर्धा पेला पाणी पुढे ठेवून
मी म्हटलं, दहा मिनिटांत संपवा.
"मीठ विसरलात," ती म्हणाली.

कॅमेऱ्यापुढे ती उभी. पडद्यावर
जठर उजळलं, ढगाआडच्या चंद्रासारखं म्हणणार होतो,
पण खरं तर ओल्या मोज्यासारखं.
तासाने मोजा तेवढाच. दोन तासांनीही.
चार तासांनी दहावा हिस्सा उरायला हवा,
तिच्या पोटात शंभरातले एकेचाळीस अजून बसून होते.
"जितकी वर्षं नोकरी, तितकेच," ती हसली
आणि चेहरा मात्र हसला नाही.
तो कधीपासून हसत नव्हता कोण जाणे.

तिला भीती होती त्या उजेडाची.
मी सांगितलं, सहा तासांनी निम्मा,
बारा तासांनी पाव,
उद्या या वेळेला
रुपयातला एक आणा उरेल फक्त.
पाणी भरपूर प्या.

संमतीपत्रावरची तिची सही
ओळीच्या शेवटाकडे बारीक होत मुंगीएवढी झाली होती.
ती वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पाहिली,
विचारलं, कॉफीचा वास येतो का?
ती म्हणाली, वास? तो तर
पाच वर्षांपूर्वीच गेला, घटस्फोटासारखा, न भांडता.

तीन आठवड्यांनी पुन्हा खाली. बाहेर बर्फ, नेमुनास गोठलेली.
या वेळी डोक्याचं चित्र.
आयोडीनची सुई, मग चार तास वाट,
मग कॅमेऱ्याची दोन तोंडं
तिच्या कानांभोवती गिधाडांसारखी हळू फिरत राहिली.
उजव्या हाताचा अंगठा तेवढा
एक अदृश्य गोळी वळत होता.

निरोगी मेंदूत इथे
दोन स्वल्पविराम दिसतात, समोरासमोर, शेपट्यांसकट.
तिच्या चित्रात एकाला शेपूट होती,
दुसऱ्याचा नुसता टिंब.

निदान सांगणं माझं काम नाही.
ते वर सांगतात, खुर्चीवर बसवून.
पण ती उठली, चष्मा चढवला,
आणि पडद्याजवळ गेली, जशी जात असेल
रात्री अकराला, ओल्या शाईच्या पानाजवळ.
"इथे स्वल्पविराम हवा होता," ती म्हणाली.
"कुणी पूर्णविराम टाकला?"
मी गप्प.
"आमच्या काळी," ती कोट चढवत म्हणाली,
बटण सापडेना, मी लावून दिलं,
"आमच्या काळी एवढ्यावरून
माणसाला जाब द्यावा लागे."

ऑगस्टात परत आली, अंड्याच्या तपासणीसाठी,
गोळ्या सुरू झाल्यावर पोट किती हलतं ते पाहायला.
चाल जरा मोकळी होती. गालावर उन्हाचा रंग.
मी बशी पुढे केली.
तिने पर्समधून कागदाची पुडी काढली,
उघडायला तिला बराच वेळ लागला,
मी हात पुढे केला नाही.

पुडीवर पेन्सिलीने लिहिलं होतं,
मुंगीपेक्षा थोडं मोठ्या अक्षरात:
मीठ,