उजवीकडून

रेवती, तुझी पाचही पुस्तकं वाचली.
तपकिरी कव्हरवर तुझ्याच अक्षरात
'रसायनशास्त्र, बारावी' लिहिलंय, ते तसंच ठेवलंय.
पुण्याला निघताना म्हणालीस, मामा, जपून ठेव,
आई रद्दीत देईल.
जपली. मग लॅबमध्ये नेली,
प्लास्टर वाळेपर्यंत वीस मिनिटं मिळतात, त्यात वाचली.

आता मतं. तू मागितली नाहीस, तरी.

ह्यांना दात नाहीत.
एकतीस वर्षं मी मल्हारगंजात कवळ्या करतोय,
माणसाचं तोंड मला आतून माहीत आहे,
आणि इथे दोन तरणी पोरं आठ-आठ चौकटी
चुंबन घेतात, ओठांच्या जागी एक रेघ,
आत काहीच नाही.
एकदा तरी दातावर दात आपटू दे की.
आपटतात. हसू येतं. मग जमतं नीट.

आणि तो उंच पोरगा.
दर वेळी मनगट धरतो, भिंतीशी रेटतो,
बुटका लाजतो, गालांवर तिरप्या रेघा.
विचारत का नाही कोणी? दोन शब्द लागतात.
भिंतीचं एवढं कौतुक असेल
तर माझा आखडलेला खांदा घेऊन जा म्हणावं.
एक उंच, एक बुटका, हे ठरवलं कुणी?
दोघंही पाच फूट पाच असले
तर ट्यूब बदलायला शेजारून स्टूल आणावं लागतं,
फरक पडतो तो एवढाच.

भाडं कोण भरतं, कळत नाही.
गॅस कोणाच्या नावावर आहे?
पंचविशीनंतर माणसं जातात कुठे?
पाच भागांत चाळिशीचा एकच गृहस्थ,
टाय, चष्मा, आणि तोच खलनायक.
मी माझा चष्मा थोडा वेळ काढून ठेवला.

ते फुलांचं झाडही पुरे झालं.
पाकळ्या गळायला लागल्या
की समजावं, आता कोणीतरी रडणार.
आमच्याकडे सकाळी निगमची गाडी गाणं वाजवत येते,
बनियनवर बादली घेऊन कोण बाहेर आलं
ते सगळी गल्ली बघते.
'पाहुणे आलेत वाटतं?'
'हो, पाहुणे.'
एकोणीस वर्षं. दर रविवारी.
हे काढ म्हणावं. ओला कचरा, सुका कचरा, पाहुणे.

एक मात्र कबूल करतो.
पहिला भाग मी चुकीच्या टोकाकडून वाचला,
आपल्या सवयीने, डावीकडून.
आधी ते एका घरात, मग भांडण, मग समेट,
मग पत्र, मग बसस्टॉपवर नुसती मान हलवणं,
आणि शेवटच्या पानावर
एकमेकांना न ओळखणारे दोन परके.
मला वाटलं, काय खरं लिहिलंय.
असंच तर होतं. दोन-तीन जण आठवले.
दोन दिवस पोह्यांवर सेव घ्यायचं विसरलो,
इंदूरात.

ते प्रीतमकाकांच्या लक्षात आलं. क्लॉथ मार्केटवाले, तुझे.
त्यांच्या वडिलांनी त्यांना जुनी सिंधी शिकवली होती,
उजवीकडून लिहायची.
त्याने पुस्तक माझ्या हातातून काढलं,
पालथं केलं, परत दिलं.
"किताब उल्टी नहीं है यार. तू उल्टा है."
मग पलंगावर बसून, बोट ठेवून ठेवून
मला वाचायला शिकवलं: इथून, असं, आता खाली.
परके होते. मग बसस्टॉप. मग पत्र.
भांडणाशी मी थांबलो, त्याने पान उलटलं.

चौथ्या भागात एक चौकट आहे, माणूसच नाही तिच्यात.
ओट्यावर दोन कप पालथे घातलेले, खाली थोडं पाणी.
ती काढणारीला (बाईच असावी, नाव वाचता येत नाही)
एवढं कुठून ठाऊक?
तिला दातांचं माफ.

तू ही पुस्तकं आईपासून लपवलीस
की माझ्याकडे पोचवलीस, ते मी विचारत नाही.
सहावा भाग आला असला तर पाठव.
पत्ता तोच.
कव्हर नाही घातलंस तरी चालेल.