कानस

वडगावच्या खोलीत रात्री अकरानंतर
मी कुणा परक्याच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका वाचते.
पान चौदा. 'इट्स'मधला अपॉस्ट्रॉफी
उगाच डोक्यावर चढून बसलेला. काढला.
पुढं एक 'द' राहून गेलाय. घातला.
दुरुस्तीचं कारण लिहावं लागतं.
लिहिते: किरकोळ.

बाबा उद्यमबागच्या फौंड्रीत
तीस वर्षं कास्टिंगच्या कडा घासत होते.
व्हॉल्व्ह कुणाच्या पंपात बसणार
कधी विचारलं नाही.
बोटाला लागू नये, एवढंच म्हणायचे,
आणि अंगठा फिरवून बघायचे कडेवरून.

खाली झेरॉक्सच्या दुकानाची पाटी.
तिच्यातल्या एका भाषेला काल पुन्हा काळं फासलंय.
कुठल्या, ते सांगत नाही.
सकाळी इराप्पा कडेमनी रॉकेलची चिंधी घेऊन चढेल,
मी शिडी धरीन.
त्याच्या कन्नडात 'द' नाही.
माझ्या मराठीत नाही.
तरी गिऱ्हाईक नसलं की आम्ही भांडतो,
इथं तो लागतो का, यावर.
"लागतंय की!"
"कशाला लागतंय?"
चहा निवून जातो.

पहाटे उत्तर आलं. फिनलंडहून, कुणी एर्की.
दुरुस्ती घेतली. आभार.
आमच्या भाषेत हा शब्दच नाही,
मी अंदाजानं टाकत जातो.

इराप्पाला सांगायला हवं.

पडद्यावरून अंगठा फिरवला, पान चौदा,
वरपासून खालपर्यंत.
काही टोचलं नाही.
पंधरा उघडलं.