हाफ डे

रिक्षावाला रुकनुद्दीन पिंजारी म्हणाला,
पाच ठिकाणं, नऊशे, वेटिंग धरून.

लेण्यांच्या पायऱ्या मोजायला घेतल्या,
माकडाने बिस्किटं नेली तिथे आकडा चुकला.
आत गारवा. भिक्षूंचे दगडी ओटे,
आत्ताच कोणी उठून गेल्यासारखे.

नाशिकरोडला बाळ येशूपुढे मेणबत्ती घेतली,
कोणासाठी ते ठरेना.
शेजारच्या बाईंनी आपल्या ज्योतीवरून पेटवून दिली,
विचारलं नाही काही.

दर्ग्यात माझं डोकं उघडं.
रुकनुद्दीनने आपला रुमाल बांधला,
घामाचा, थोडा डिझेलचा वास.
तो काढायचा राहिला
आणि तसाच रामकुंडावर उतरलो.

गुरुजी म्हणाले, अस्थी?
नाही हो, फिरायला आलोय.
गाव? आडनाव?
लांबट वहीची पानं उलटत
बोट थांबलं एका मोडी ओळीवर.
मला वाचता येईना, त्यांनी वाचली:
पणजोबा. बायकोची अस्थी घेऊन. सोबत कोणी नाही.

खाली जागा होती.
पेन माझ्या हातात. नाव लिहिलं.
येण्याचं कारण?
मागे हॉर्न, वेटिंग संपलेलं.
गोदेचं पाणी हिरवट, पायरीशी एक फुटकी पणती.

लिहिलं: फिरायला.

गुरुजींनी चष्म्यावरून रुमालाकडे पाहिलं,
खोडलं नाही.